मदत हवी आहे: मॅग्नोलियाच्या कळ्या ऐन वेळी करपतात

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी घर घेतलं आणि हौसेने मॅग्नोलिया लावला, दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला लागून. सूलांजियाना जात, इथे ज्याला सॉसर मॅग्नोलिया म्हणतात ती. झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय.

थंडीभर फांद्यांच्या टोकांना राखाडी, लवदार कळ्या असतात. बोट फिरवलं तर मांजराच्या पिल्लाच्या कानासारख्या लागतात. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं की वरचं टोपण गळतं, आतून गुलाबी टोक डोकावतं, आणि नेमकी त्याच सुमाराला एखादी रात्र हिवाची निघते. यंदा पारा २५ फॅरनहाइटवर, म्हणजे गोठणबिंदूच्याही खाली उतरला. सकाळी बघते तर सगळी फुलं तपकिरी, लिबलिबीत, वापरलेल्या टी-बॅगसारखी लोंबत होती. मागच्या गल्लीतलं उघड्यावरचं म्हातारं झाड मात्र आठवड्याने का होईना, दणकून फुललं!

एक कबुलीही देऊन टाकते. आकार द्यायला म्हणून ऑक्टोबरात खिडकीकडच्या फांद्या छाटल्या होत्या. त्या बाजूला एकही कळी आली नाही.

झाड गॅरेजमागे उत्तरेला हलवू का? की हिवाच्या रात्री चादर टाकून भागेल? गेल्या वर्षी आई आली होती. वाचलेलं एक फूल हुंगून म्हणाली, "हा आपल्या सोनचाफ्याचाच भाऊबंद दिसतोय." तेव्हापासून जीव जास्तच अडकलाय.

प्रतिसाद:
आईंचं नाक पक्कं! सोनचाफा मॅग्नोलियाच, पूर्वी त्याला मिचेलिया नावाच्या वेगळ्या गटात धरत. घोळ भिंतीचा आहे. विटा तापतात, कळ्या लवकर जाग्या होतात आणि हिवात सापडतात. आणि कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही फुलंच कापलीत. छाटायचं तर फुलं संपल्या संपल्या, तेही जेमतेम.

प्रतिसाद:
हलवू नका असं माझं मत. याची मुळं जाड, मांसल असतात, तुटली की लवकर भरून येत नाहीत. हलवायचंच असेल तर वसंताच्या तोंडाशी, कळ्या फुटायच्या आत, मातीचा भलामोठा गोळा धरून. त्यापेक्षा उत्तरेला 'जेन' किंवा 'सुझन' मॅग्नोलिया लावा. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात १९५०च्या दशकात असे आठ संकर केले, सगळ्यांना मुलींची नावं. ही झाडं उशिरा फुलतात, त्यामुळे हिवातून बरीचशी सुटतात. जुन्यावर चादर टाका, पण जमिनीपर्यंत, आणि सकाळी काढा.

धागाकर्ती:
मग 'जेन' आणते. चादर आईने दिलेली सोलापुरी चालेल?

प्रतिसाद:
ताई, सोलापुरीच्या वजनाने फांद्या मोडतील! जुनी, विरलेली बेडशीट घ्या.