गावच्या अंगणाला सिमेंटच्या ठोकळ्यांची कड

प्रेषक: आर्वीवाला
विषय: वाफ्यांची कड वाकली, सल्ला हवा

मंडळी, नमस्कार.

आपल्या मिनेसोटातल्या मराठी मंडळींच्या ईमेल-लिस्टवर सध्या गणपतीच्या हॉलचं पार्किंग गाजतंय. त्यात माझा घरगुती प्रश्न घुसवतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीपासून आत. घरासमोर फाटक ते ओसरी अशी ४० फुटांची वाट आहे आणि तिच्या एका अंगाला आईचे वाफे. शेवंती, झेंडू, गुलबक्षी, मधेच दोन वांगी आणि एक कढीपत्ता, कारण नुसती फुलं लावणं म्हणजे तिच्या हिशेबी जागा वाया घालवणं. गेल्या मे महिन्यात मी इथून पैसे पाठवून मिस्त्रीकडून सिमेंटच्या ठोकळ्यांची कड बांधून घेतली. सरळ रेघ, सांध्यांत मसाला, वरून घोटून गुळगुळीत. तो फोटो मी इथे कितीजणांना दाखवला असेल, विचारू नका.

परवा भावाने नवा फोटो टाकला. ओसरीकडचं टोक चार बोटं वर आलंय, मधे तीन ठिकाणी चिरा पडल्यात आणि त्यातल्या एका चिरेत पुतण्याने आपले कंचे लपवलेत. आई फोनवर एवढंच म्हणाली, "मी म्हटलं होतं." तिला पहिल्यासारखे तिरप्या विटांचे दात हवे होते.

मी डिसेंबरमध्ये तीन आठवडे जातोय. खर्च बेताचा, दिसायला बरं आणि पुढच्या पावसाळ्यात आईसमोर मान खाली घालावी लागणार नाही, असं काही सुचवा.

---

प्रेषक: चंद्रपूरचे काका
विषय: उत्तर: वाफ्यांची कड वाकली, सल्ला हवा

> सांध्यांत मसाला, वरून घोटून गुळगुळीत

अरे बाबा, घोटण्यातच घोटाळा झाला.

तुमच्याकडची भारी काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तू लहानपणापासून पाहिल्या आहेस. त्या मातीवर ४० फुटांची एकसंध पट्टी टाकलीस, तीही मे महिन्यात, म्हणजे माती सगळ्यांत सुकलेली असताना. आता मातीला फुगण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. त्यात ओसरीकडचं टोक वर आलं म्हणतोस. तिथे छपराच्या पागोळ्या पडत असणार, बघ. एक टोक रोज भिजतं आणि दुसरं कमी, मग पट्टी मधे मोडणारच. मिस्त्रीला बोल लावू नकोस, त्याने भिंत बांधली. तुला भिंत नको होती.

इथे मिनेसोटात आपण हेच वेगळ्या कारणाने भोगतो. मिनिआपोलिसच्या भागात घराचा पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो, कारण तिथपर्यंत जमीन गोठून वर उचलते असं धरलेलं आहे. पण बागेच्या कडेसाठी एवढं कुणी खणतं का? ठोकळे कोरडे मांडतात आणि हलले की उन्हाळ्यात पुन्हा बसवतात. तूही तेच कर. काळ्या मातीला थांबवता येत नाही, तेव्हा कडेलाच तिच्यासोबत हलू द्यायचं.

काम असं. ४०० × २०० × १०० मिलिमीटरचा भरीव ठोकळा घे आणि तो आडव्या धारेवर उभा कर, म्हणजे उंची २०० आणि जाडी १००. १० इंच रुंद, ९ इंच खोल चर खण. निघालेली काळी माती वाफ्यात टाक, चरात परत टाकू नकोस. तळाला ४ इंच मुरूम, पाणी मारून धुम्मस करायचा, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचा. त्यावर २ इंच क्रशरची चुरी (गिट्टी फोडताना निघणारा दगडाचा भुगा), दोरी लावून सपाट. त्यावर ठोकळा. साधारण ३ इंच जमिनीत, ५ इंच वर. दोन ठोकळ्यांत अर्ध्या बोटाची फट ठेवून तीत चुरीच झाडायची. सिमेंटचा थेंबही नको. एखादा ठोकळा वर आला तर सब्बल घालून काढायचा, खालची चुरी सारखी करायची, परत ठेवायचा.

४० फुटांना ३१ ठोकळे लागतात. विकतचा एकेक १७-१८ किलोचा, तुमच्या गावापर्यंत आणायचं भाडंच जड जाईल. घरी पाड. १:३:६, म्हणजे एक घमेलं सिमेंट, तीन रेती, सहा बारीक गिट्टी. ५० किलोच्या एका पोत्यात फूटतूट धरूनही पंचवीसेक निघतात. म्हणजे तुझी अख्खी कड सव्वा-दीड पोत्याची आहे! पाणी जेमतेम घाल. मिस्त्री लोकांना पातळ कालवायची खोड असते, कालवायला सोपं पडतं म्हणून. पाडल्यावर किमान १४ दिवस गोणपाट टाकून पाणी मारायचं. हे टाळलंस तर पोळ्यापर्यंत कोपरे झडतील.

भावाला दसऱ्यापासून पाडायला सांग. तू डिसेंबरमध्ये पोचशील तेव्हा माती ना फार ओली ना फार सुकी असेल, मांडायला तोच काळ बरा.

आईसाहेबांना दात हवे असतील तर कोराडी, खापरखेडा किंवा आमच्या चंद्रपूरच्या वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा तिरप्या लावता येतात. लाल विटेपेक्षा मापाला एकसारख्या असतात. पण त्याही कोरड्याच.

---

प्रेषक: पुण्याची काकू
विषय: उत्तर: उत्तर: वाफ्यांची कड वाकली, सल्ला हवा

काकांचं तंत्र छान, पण नुसत्या करड्या ठोकळ्यांची ओळ म्हणजे पंचायत समितीच्या ऑफिससमोरची बाग हो!

पोकळ ठोकळे का नाही घेत? भोकं वर करून ठेवायची, त्यात माती आणि वाळू भरायची आणि चिनी गुलाब लावायचा. उन्हात बहरतो, पाणी कमी लागतं. कडच फुललेली दिसते. मी इथे मागच्या अंगणात केलंय, फोटो टाकते.

---

प्रेषक: दर्यापूरचा भाऊ
विषय: पोकळ ठोकये नोको

काकू, पाया पडतो, पन पोकळ ठोकये आमच्याकडं नोको.

माह्या मामानं लावले होते, वऱ्हाडात. अर्ध्या भोकाइत माती भरली, अर्धे तसेच राह्यले. चिनी गुलाब काही आला नाही, इंचू मात्र बम आले. मामी सकायी सडा टाकाले गेली अन् पायाच्या अंगठ्याले डसला. तवापासून त्या घरात भोकाच्या वस्तूले बंदी हाय. लावाचेच असतीन तं गच्च भरा, एकबी भोक रिकामं नोको.

दुसरं. आम्ही पूर्णेच्या खारपानपट्ट्यातले. आमच्या जमिनीत मीठ, पान्यात मीठ. तिथं साधी लाल ईट जमिनीले टेकवली का दोन वर्षांत लोणा लागून तिचा भुगा होते. आर्वीले तेवढा तरास नाही, पन बोअरचं पानी खारं असंन तं त्यानं ठोकये पाडू नोको. इहिरीचं गोडं पानी घे.

तिसरं कोनीच नाही इचारलं. पोळ्याले बैल अंगनात येतेत का नाही? बंडी येते का नाही? मंग तेवढी जागा सोडली का? अन् अंगनातलं पानी कोनत्या बाजूनं जाईन? सलग कड केली तं पावसाचं पानी तुंबून ओसरीत शिरते. दर दहा फुटाले एक ठोकया चार बोटं सरकवून मोरी ठेव.

काकू, अन् ते वाळू नाही, रेती.

---

प्रेषक: वरूडची ताई
विषय: उत्तर: पोकळ ठोकये नोको

भाऊ, हसून हसून पोट दुखलं. मामींना नमस्कार.

आर्वीवाल्या दादा, अंगणात संत्र्याचं किंवा लिंबाचं झाड आहे का? असेल तर त्याच्या बुंध्याभोवती ठोकळ्यांचं गोल रिंगण करू नका. लोक हौसेने करतात, आमच्याच घरी केलं होतं. एक तर आत पाणी साचतं आणि बुंधा ओला राहिला की डिंक्या लागतो, म्हणजे सालीतून डिंक गळायचा रोग. म्हणूनच बागेत आम्ही दुहेरी आळं करतो; आतल्या आळ्यात माती उंच आणि कोरडी, पाणी बाहेरच्या आळ्यात. कड करायचीच तर बाहेरच्या आळ्याच्याही पलीकडे.

दुसरं म्हणजे नव्या सिमेंटातून चुना पाझरतो. आपली काळी माती आधीच चुनखडीकडे झुकलेली. संत्र्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या की समजायचं, झाडाला लोह मिळत नाही. माती तेवढी एका ठोकळ्याने बिघडत नाही हे खरं, पण आमच्या रिंगणातल्या झाडाला रिंगण काढल्यावरच हुशारी आली.

झेंडू-शेवंतीला चुन्याचं काही वाटत नाही. फक्त कडेला अगदी चिकटून रोप लावू नका. मे महिन्यात ठोकळा तव्यासारखा तापतो, त्याच्याजवळची मुळं करपतात. वीतभर अंतर ठेवा, आणि त्या वीतभर पट्टीत गवती चहा किंवा तसंच काही चिवट.

---

प्रेषक: आर्वीवाला
विषय: झाली कड! (लांबलचक)

मंडळी, काल रात्री परत आलो. बॅग अजून उघडली नाही, पण हे आधी.

भावाने तीन खणांचा लाकडी साचा करून घेतला होता. आतून जळकं ऑइल लावायचं, नाहीतर ठोकळा साचा सोडत नाही. रोज तीन, असे बारा दिवसांत ३६ पाडले. दोन पहिल्याच दिवशी फुटले (पातळ कालवलं होतं, काका, तुमचंच म्हणणं खरं). पाणी मारायचं काम पुतण्याकडे होतं, दिवसाला पाच रुपये या बोलीवर. तो शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर गोणपाट भिजवायचा. संप एकदाच झाला.

आता काकूंच्या पंचायत समितीबद्दल. मी विचारत होतो की रंग कुठला मारू. आई म्हणाली, रंग कशाला, पानं टाका. तिने भावाला धुऱ्यावरून पळसाची पानं आणायला लावली होती. साच्याच्या तळाला एक पान, शिरांची बाजू वर, वरून माल ओतायचा. ठोकळा दुसऱ्या दिवशी निघाला की पान चिकटलेलंच असतं. ते सुकल्यावर नखाने सोलायचं. खाली उरते ती शीर न् शीर, अगदी कडेच्या बारीक जाळीसकट. पहिलं पान मी स्वतः सोललं तेव्हा देठाजवळ मुंगी अडकल्याची खूणही सापडली. ती मुंगीवाली बाजू मी फाटकाजवळ वाटेकडे तोंड करून बसवली आहे, पण ती कुठे आहे हे अजून मला एकट्यालाच माहीत आहे.

पळसाला पानं तीनच, म्हणून आईने प्रत्येक तिसऱ्या ठोकळ्यात पान टाकलंय, मधले दोन कोरे. हे तिचं गणित, मला विचारू नका.

चर काकांच्या मापाने खणला. जुनी पट्टी फोडायला एक अख्खा दिवस गेला. सहज वाकलेली ती कड तोडताना मात्र लोखंडासारखी झाली होती. तिचे तुकडे मुरमाच्या आधी तळाला घातले. पागोळ्यांचं काकांनी न बघता ओळखलं, टोक नेमकं तिथेच होतं. आता छपराला पन्हाळ लावून पाणी एका बाजूला काढलंय.

सरळ दोरी लावली होती, पण आईला वाट ओसरीकडे थोडी वळलेली हवी होती. एवढ्या लांब ठोकळ्यांची वळणावर बाहेरून मोठी फट पडते. त्या फटींत आम्ही गोठ्यावरून उतरवलेली जुनी कवेलू उभी खोचली, चुरीत दाबून. करड्यात मधे मधे ती तांबडी कमान दिसते. सगळ्या कामात फुकट आणि सगळ्यांत देखणं हेच झालं. दात नाहीत, पण आई म्हणाली, चालेल.

दर्यापूरच्या भाऊंच्या तिन्ही गोष्टी पाळल्या. मोऱ्या चार ठेवल्या आणि विहिरीचंच पाणी वापरलं. बंडीसाठी वाटेची रुंदी मात्र मी मोजून सहा फूट धरली होती. भावाने शेजाऱ्यांची बंडी प्रत्यक्ष आणून उभी केली तर चाक ठोकळ्यावर. दोन ठोकळे उपटले. कोरडं काम असल्याने दहा मिनिटांत झालं, मसाल्याचं असतं तर पुन्हा मिस्त्री. त्यामुळे शेवटी लागले २९ आणि उरले ५. त्यातला एक धुण्याच्या जागेजवळ गेला, दोन पाण्याच्या टाकीखाली. उरलेल्या दोघांवर पानं आहेत, ते आई कुणाला हात लावू देत नाही.

ताई, लिंबू आहे, परसात. त्याच्या वाटेला गेलो नाही.

खर्चाचा हिशेब: सिमेंट दोन पोती (दुसऱ्यातलं अर्धं गोठ्याच्या ओट्याला गेलं), रेती आणि गिट्टी घराच्या कामातली पडून होती, चुरी आणि मुरूम मिळून एक ट्रॅक्टर ट्रॉली, साच्याचं लाकूड. मागच्या वर्षी एकट्या मजुरीला याहून जास्त दिले होते.

पावसाळा झाला की फोटो टाकतो, वाकली असली तरी.

आणि हो, साचा भावाकडे पडून आहे. तिकडे जाणाऱ्या कुणाला हवा असेल तर कळवा, आर्वीच्या एसटी स्टँडवर आणून देईल. ऑइल ज्याचं त्याने आणायचं.