गणपतीत वाडीवर दाखवायला सिनेमा सुचवा

कुळीथपिठी (वेंगुर्ला): गौरी गेल्या की एक रात्र भजन नाही. तेव्हा देवळाच्या सभामंडपात पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरतंय. प्रोजेक्टर मुंबईहून पुतण्या आणतोय. बघायला आजीपासून मोबाइल न सोडणाऱ्या पोरांपर्यंत सगळे. सिनेमा कोकणातला हवा, पण नुसते माड, समुद्र आणि होड्या नकोत. परवा 'किल्ला' बघितला, फार आवडला. मंडपात चालेल का?

माडाखाली: 'किल्ला' माझाही लाडका. कॅमेरा दिग्दर्शक अविनाश अरुणचाच, त्यामुळे पाऊस कसा ओला दिसतो बघा! मित्र चिन्मयला किल्ल्यावर एकटा टाकून जातात, तेव्हा आमचा धाकटा सरकत सरकत माझ्या मांडीपर्यंत आला होता. आणि अमृता सुभाषची ती ऑफिसातली घुसमट... बदलीच्या गावी एकट्या राहिलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. पण त्यात बोलणं कमी, शांतता जास्त. मंडपात चहा फिरणार, पोरं धावणार, निम्मा सिनेमा वाया. घरी दार लावून बघा.

गजालीवालो: 'नारबाची वाडी' लावा, दुसरा काय नको. आमच्याकडे लावललो, म्हातारी माणसा पोट धरून हसली. खोताक वाडी होयी, नारबा काय मराक तयार नाय!

कुळीथपिठी: हा लक्षातच नव्हता. दिलीप प्रभावळकरच ना?

माडाखाली: हो, २०१३ चा. मूळ नाटक बंगाली, मनोज मित्रांचं, पण बघताना शंकासुद्धा येत नाही. जमिनीवर डोळा ठेवणारा खोत आपल्याला कुणी ओळखून द्यायला नको. २०२५ च्या 'दशावतार'मध्येही प्रभावळकरच आहेत, पण तो थोडा जड जातो. आधी नारबा.

पालगडचा पाहुणा: जुन्यातला कुणीच कसा सुचवला नाही? 'श्यामची आई', अत्र्यांचा, १९५३. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच. लोक रडका म्हणून टाळतात, मला तसा वाटला नाही. वनमालाबाईंची आई चांगलीच करडी आहे. माया करते ती धाक ठेवूनच. फक्त कृष्णधवल बघायची सवय नसलेली पोरं पहिली पंधरा मिनिटं चुळबुळ करतील. आज्या मात्र हलणार नाहीत.

कुळीथपिठी: आमच्या आजीने तो लहानपणी बघितलाय म्हणे. 'श्वास'चं काय?

माडाखाली: सणात नको हो. नातवाची नजर जाणार म्हणून आजोबा त्याला डोळे भरून जग दाखवतात, त्यानंतर कुणाला मोदक गोड लागणार? अरुण नलावडे ग्रेट, पण तो शिमग्यानंतर कधीतरी.

चाकरमानी: 'जैत रे जैत' लावा की! कर्नाळ्याचा डोंगर, ठाकर, मधमाश्या, स्मिता पाटील. गाणी तर निम्म्या वाडीला पाठ असतील. गोष्ट थोडी विस्कळीत वाटते मला, पण गाणं सुरू झालं की तक्रार उरत नाही.

कुळीथपिठी: मग नारबा नक्की. पाऊस नसेल तर मागून 'जैत रे जैत'. वीज गेली तर जनरेटरवाल्याला आधीच सांगून ठेवते.

गजालीवालो: आणि पडदो म्हणान चादर लावशात तर ती आधी धुवा, गेल्या वर्षी आमच्या नारबाच्या तोंडार हळदीचो डाग होतो.