शब्दचर्चा: 'बर्लेस्क' आणि 'पिन-अप' यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

१९५० च्या दशकातल्या काही जुन्या अमेरिकन सिनेमांवर मराठीत लेख लिहिते आहे. त्यात 'बर्लेस्क' आणि 'पिन-अप' हे शब्द पावलोपावली येतात. कोशात बर्लेस्कला 'विडंबन, प्रहसन' दिलंय. पण या सिनेमांत तर नर्तकी बँडच्या तालावर हातमोज्यापासून सुरुवात करून एकेक कपडा उतरवतात. याला विडंबन कसं म्हणू? आणि पिन-अपचं काय करू?

प्रतिसाद

सरळ 'कॅबरे' लिहा. सगळ्यांना कळेल.

प्रतिसाद

कॅबरे नको, असं मला अगदी मनापासून वाटतं. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हिंदी सिनेमातला हॉटेलातला नाच डोळ्यांपुढे येतो. बर्लेस्कमध्ये नाचाइतकीच थट्टा महत्त्वाची असते, ती त्यात हरवते.

शब्दाचं मूळ इटालियन. 'बुर्ला' म्हणजे थट्टा, चेष्टा. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला. १७ व्या शतकात स्कारों या फ्रेंच लेखकाने रोमन कवी व्हर्जिलचं महाकाव्य चव्हाट्यावरच्या भाषेत उतरवलं, ते बर्लेस्क. भारदस्त विषय आणि उनाड भाषा. कोशातला 'विडंबन' हा अर्थ इथला. तो बरोबरच आहे, पण अर्धा.

उरलेला अर्धा अमेरिकेत घडला. १८६८ मध्ये लिडिया थॉम्प्सन ही इंग्लिश नटी आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेली. खेळ होता ग्रीक पुराणातल्या इक्सिऑनच्या कथेची टिंगल करणारा. त्यात पुरुषांची सोंगं बायका घ्यायच्या, तीही घट्ट पायमोजे घालून. घोळदार झग्यांच्या त्या जमान्यात रंगमंचावर बाईच्या पायांचा आकार दिसणं हीच खळबळ होती, आणि वर त्या बायका चालू घडामोडींवर कोट्याही करत. देवादिकांची टिंगल आणि बाईचं धीट रूप ही जोडी अशी जमली. पुढे न्यूयॉर्कमध्ये मिन्स्की बंधूंच्या थिएटरांत विनोदी नट आणि कपडे उतरवणाऱ्या नर्तकी आलटून-पालटून येऊ लागल्या. १९३७ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांच्या कारभाराने ही थिएटरं बंद पाडली आणि जाहिरातीत 'बर्लेस्क' हा शब्द वापरायलाही मनाई केली.

तुम्ही ज्या सिनेमांबद्दल लिहिताय ते या उतरत्या काळातले. पिन-अप फोटोंचे विक्रेते अर्विंग क्लॉ यांचा 'टीझरामा' १९५५ चा, रंगीत. कॅमेरा बहुतेक वेळ रंगमंचासमोर ठाण मांडून, मधूनमधून विनोदी नटांच्या जोडीचे प्रवेश. त्यातला एक प्रवेश जरूर पाहा. टेम्पेस्ट स्टॉर्म ही तेव्हाची गाजलेली नर्तकी. तिची मोलकरीण झालीय तेव्हाची पिन-अप मॉडेल बेटी पेज, आणि ती बाईसाहेबांना कपडे चढवायला मदत करते. कपडे उतरवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नर्तकीला कपडे घालताना दाखवायचं, हीच त्यातली गंमत. मूळची 'बुर्ला' इथे शाबूत आहे. म्हणून 'नग्ननृत्य' हा शब्दही चालणार नाही.

प्रतिसाद

मग आपला तमाशाच की! गवळणीत मावशी आणि पेंद्या मिळून साक्षात कृष्णाची फिरकी घेतात, बतावणीत विनोद, जोडीला लावणी. 'अमेरिकन तमाशा' म्हणा.

प्रतिसाद

गवळणीचं तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे, लेखात ते जरूर यावं. पण भाषांतर म्हणून नको. लावणीची नर्तकी नऊवारीत अंगभर नटलेली असते. तिची सगळी करामत गळ्यात, पायांत आणि अदाकारीत. शिवाय तमाशामागे काही समाजांतल्या बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाचा आणि अवहेलनेचा इतिहास आहे. मिन्स्कींच्या थिएटरला तो शब्द लावला तर दोन्हीकडच्या बायकांवर अन्याय होतो. शब्द 'बर्लेस्क' हाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा.

आता पिन-अप. टाचणीने भिंतीवर लावायचं चित्र, एवढाच मूळ अर्थ. दुसऱ्या महायुद्धात तो घरोघर पोचला. १९४३ मध्ये फ्रँक पोवोल्नी यांनी काढलेला हॉलिवूडची नटी बेटी ग्रेबल हिचा फोटो सैनिकांच्या बराकींत लागला: पांढरा स्विमसूट, पाठ आपल्याकडे, आणि खांद्यावरून मागे वळून हसणारा चेहरा. गिल एल्व्हग्रेन हे चित्रकार आधी स्टुडिओत मॉडेलचा फोटो काढत आणि मग त्यावरून तैलचित्र रंगवत. ती चित्रं ब्राऊन अँड बिगेलो कंपनीच्या कॅलेंडरांवर छापली जात. झगा कशात तरी अडकलाय, तोंडाचा 'ओ' झालाय, पण डोळे सांगतात की हिला सगळं ठाऊक आहे.

या चेहऱ्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: खट्याळ. मादक, कामुक, उत्तान हे शब्द बघणाऱ्याबद्दल बोलतात. खट्याळ हा तिच्याबद्दल बोलतो. बेटी पेजने १९५७ मध्ये काम सोडलं. अमेरिकन सिनेटच्या चौकशीत अडकलेल्या क्लॉ यांनी पुढे फोटोंच्या कितीतरी निगेटिव्ह जाळल्या. त्यांची बहीण पॉला हिने लपवून ठेवल्या तेवढ्या वाचल्या. तरी १९८० च्या दशकात कॉमिक्सच्या चित्रकारांनी आणि तरुण वाचकांनी बेटी पेजला पुन्हा शोधून काढलं, आणि आज कितीतरी मुली तिच्यासारखी कपाळावर झुलपं कापून घेतात. नुसत्या देहाची ओढ असती तर या मुलींना तिच्यासारखं दिसावंसं का वाटलं असतं? त्यांना तो खट्याळपणा हवा असतो. तिच्याच गमतीत ती आपल्याला सामील करून घेते.

प्रतिसाद

पिन-अपसाठी 'सुरसुंदरी' कसा वाटतो? मंदिरांवरच्या शिल्पांसाठी आहेच.

प्रतिसाद

गोड शब्द आहे, पण सुरसुंदरी देवळाच्या दगडात कायमची. पिन-अप हा स्वस्त, छापील, वर्ष संपलं की बदलायचा कागद. जवळचं काही हवंच असेल तर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी रंगवलेल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या तरुणी आठवा. छपाई आणि लोकप्रियता तीच, फक्त त्यांची अदब वेगळी. त्यांनाही आपण वेगळं नाव दिलं नाही, 'दलालांची चित्रं' म्हटलं आणि भागलं.

लिहिताना एक अडचण मात्र येईल. इंग्रजीत चित्रालाही पिन-अप आणि बाईलाही पिन-अप. मराठीत लिंग ठरवावंच लागतं. चित्राला 'ते पिन-अप' म्हणा, आणि बाईसाठी दरवेळी 'पिन-अप मॉडेल'. कारण 'ती पिन-अप' लिहिलं की जिवंत बाईचा कागद होतो.

प्रश्नकर्ती

खूप आभार. 'तमाशापट' हा शब्द आहेच, त्या धर्तीवर 'बर्लेस्कपट' चालेल का? 'टीझरामा हा १९५५ चा बर्लेस्कपट' असं.

प्रतिसाद

उत्तम. हाच वापरा.