वंशावळ लावताना पणजोबांच्या मागे कसं जायचं? (सातारा जिल्हा, शेतकरी घराणं)

कृष्णाकाठ:
आजोबांपर्यंतची नावं घरात सगळ्यांना पाठ आहेत. पणजोबांचं नाव जुन्या सातबाऱ्यावर सापडलं. तिथून मागे गाडी अडलीय.
१) १९५० च्या आधीचे कोणते कागद मागायचे?
२) वाटणीच्या एका जुन्या फेरफारात (जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद) दोघांच्या नावापुढे '५ आ. ४ पै' आणि आणखी दोघांपुढे '२ आ. ८ पै' असं आहे. हे काय?
३) पणजोबांना दोन भाऊ होते असं म्हणतात, पण सातबाऱ्यावर नाव एकट्याचंच आहे. मग भाऊ खरे की ऐकीव?

फेरफार_सहा:
तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आहे.

१६ आणे म्हणजे पूर्ण जमीन, १ आणा म्हणजे १२ पै, म्हणून एकूण १९२ पै. ५ आणे ४ पै म्हणजे ६४ पै, बरोबर तिसरा हिस्सा. २ आणे ८ पै म्हणजे त्याचा निम्मा. दोन तिसरे हिस्से आणि दोन सहावे हिस्से, बेरीज १६ आणे. म्हणजे मूळ वाटेकरी तीन, आणि त्यातल्या एकाचा वाटा त्याच्या दोन मुलांत गेला असणार. आता त्या चौघांच्या बापाचं नाव बघा, म्हणजे तीन भाऊ नेमके कोणत्या पिढीतले ते कळेल. बेरीज १६ भरत नसेल तर एखादी शाखा नोंदीतून सुटलीय किंवा कुणीतरी हिस्सा विकलाय.

एकट्याचं नाव का, तर पुढे 'ए.कु.मॅ.' आहे का पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याचं नाव लागायचं, धाकटे कागदावर यायचेच नाहीत. ते उगवतात वाटणीच्या किंवा थोरल्याच्या वारस फेरफारात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्या मुलाचा पालक. हे दिसलं तर आनंद माना, कारण तो मुलगा त्या साली अठराच्या आतला होता हे ठरतं, आणि पालनकर्त्याचं नाव कमी झाल्याचा फेरफार मिळाला तर जन्मसाल बऱ्यापैकी जवळ येतं.

वंशावळ सातबाऱ्यात नसते, फेरफारात असते. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात ते फेरफार क्रमांक. सगळे उतरवून घ्या आणि गाव नमुना ६ चे (फेरफारांची नोंदवही) तेवढे उतारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागा. स्कॅन झाले असतील तर आपले अभिलेख पोर्टलवर घरबसल्या मिळतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे ही साखळी साधारण तिथवरच मागे जाते.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, वर्दीची (तलाठ्याला खबर दिल्याची) तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर दहा-दहा वर्षांनी वर्दी दिलेली असते. मजकुरात 'अमुक साली मयत' लिहिलंय का ते वाचा. दोन, आजचा गट नंबर जुन्या कागदात शोधू नका. तिथे सर्व्हे नंबर आहेत. जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. त्यांची जुळणी भूमी अभिलेख कार्यालयातल्या ९(३) ९(४) च्या उताऱ्यावर मिळते. हा उतारा आधी काढा, नाहीतर दुसऱ्याच भावकीची वंशावळ लावून बसाल.

मोडीवाचक:
त्याही मागे जायचं तर कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. 'जुना गाव नमुना १४' असं स्पष्ट सांगा. आजचा नमुना १४ पाणीपुरवठ्याचा आहे, कारकून तोच पुढे करतो. जन्माच्या नोंदीत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी.

मजकूर मोडीत असेल. निदान एवढे शब्द ओळखायला शिका: 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्र.' (भ्रतार, म्हणजे नवरा) म्हणजे अमक्याची बायको. आडनावं फारशी नसतात. 'पाटील' दिसलं की आडनाव समजू नका, तो हुद्दाही असू शकतो. एकाच गावात तीन 'राणू बिन तुका' निघतात. कोणता आपला ते सर्व्हे नंबरवरूनच ठरवायचं. इसवी सन काढायला, साल शकाचं असेल तर त्यात ७८ मिळवा, फसली (महसुली) असेल तर ५९०.

बैलावरची_वही:
हेळव्यांना विसरू नका. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ते बैल घेऊन येतात, आणि ठरलेल्या घराण्यांच्या वंशावळी त्यांच्या वह्यांत असतात. पिढ्यांचा क्रम चांगला सांगतात. साल मात्र विचारू नका, आणि मूळ पुरुष अमक्या राजाच्या पदरी होता वगैरे भाग कौतुकाने ऐकून वेगळ्या पानावर ठेवा. त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव, जात, आडनाव सांगून वही काढायला लावा. तिथे यात्रेकरूची सही किंवा अंगठा असतो, म्हणून ती नोंद जास्त वजनाची.

कृष्णाकाठ:
भारी! आणे-पै बघून लगेच कागद पुन्हा काढला. पण आता 'तुका' दोनदा येतोय, एकामागे एक. चूक असेल का?

फेरफार_सहा:
नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल, त्यामुळे बहुतेक मधला एक माणूस गळलाय. दोन तुकांच्या जन्मसालात ४०-५० वर्षांचं अंतर असेल तर मध्ये एक पिढी धरा आणि वारस फेरफारात तिला शोधा. सापडेपर्यंत ती जागा रिकामी ठेवा, अंदाजाने नाव भरू नका. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचाही पुरावा घ्या, पण जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर विसंबू नका, गुरुजींनी सरसकट टाकलेली असते.

आणि लेकी. १९५६ च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत त्या जवळपास नसतातच. नंतरच्या सातबाऱ्यात 'इतर हक्क' रकाना आणि हक्कसोडपत्रांचे फेरफार चाळा. बहिणींची सासरची नावं तिथेच मिळतात.