ऑलिम्पिकमधलं बायकांचं सॉफ्टबॉल : ठेवायचं तर कायम ठेवा, नाहीतर बोलावू तरी नका

फक्कीवाली
ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं, २०२८ च्या लॉस एंजेलिसला क्रिकेट आलं म्हणून आपल्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी होते, पण त्याच दिवशी त्याच गठ्ठ्यात बेसबॉल-सॉफ्टबॉलपण मंजूर झालं हे आमच्या ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं. मी स्वतः सॉफ्टबॉल (बेसबॉलचीच धाकटी बहीण, मैदान छोटं, बॉल मोठा) खेळलेय, जळगावकडे, शाळेपासून कॉलेजपर्यंत, स्टेटला दोनदा गेले, त्यामुळे माझं मत एकतर्फी असणार हे आधीच कबूल करते.

हिशेब बघा. १९९६ च्या अटलांटाला हा खेळ आला, मग सिडनी, अथेन्स, बीजिंग. २००५ ला सिंगापूरमध्ये मतदान झालं, बाजूने ५२, विरोधात ५२, एक तटस्थ. बहुमत नाही म्हणजे बाहेर. लंडन नाही, रिओ नाही. टोकियोला (२०२० चं, पण कोविडमुळे २०२१ ला झालेलं) जपानला हवा होता म्हणून आला, पॅरिसला फ्रान्सने मागितला नाही म्हणून गेला, आता अमेरिकेला हवा म्हणून परत. अमेरिकेची पिचर (म्हणजे आपल्याकडची बॉलर) कॅट ऑस्टरमन २००८ ला फायनल हरली आणि पुढची ऑलिम्पिक मॅच खेळायला तिला १३ वर्षं थांबावं लागलं, मधे रिटायर झाली, परत आली, ३८ व्या वर्षी. क्रिकेटमध्ये एवढ्या वर्षांत माणूस डेब्यू करून कॉमेंट्रीला बसतो.

आणि बाहेर काढलं कशापायी? जास्त करून बेसबॉलपायी. मेजर लीगवाले, म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची व्यावसायिक लीग, आपले स्टार ऑलिम्पिकला सोडत नव्हते, डोपिंग टेस्टवरून वाद होते. ही सगळी पुरुषांच्या बेसबॉलची भानगड. ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल फक्त बायका खेळतात, त्यांचा यात काय संबंध? शेजारी नाव लिहिलेलं होतं एवढाच. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते हे.

जुना_कट्टेकरी
ताई, कळकळ पोचली, पण बेसबॉलवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. २००४ चं अथेन्स आठवा. अमेरिकेच्या बायकांनी ९ मॅचमध्ये ५१ रन काढले आणि दिला किती? एक. तोही फायनलमध्ये. असली स्पर्धा कोण बघणार हो? आजवर पाच ऑलिम्पिक झाली, पंधरा मेडलं वाटली, ती सगळी मिळून पाच देशांत गेली : अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, चीन, कॅनडा. गोल्ड तर दोघांतच. टोकियोत सहा टीम, त्यातल्या मेक्सिकोच्या बहुतेक मुली अमेरिकेत जन्मलेल्या. आफ्रिकेतून कोणी नाही, आपण तर नाहीच. याला जगाचा खेळ म्हणायचं असेल तर आमच्या आळीतला विटीदांडूपण आंतरराष्ट्रीय आहे, दोन पोरं दुबईला गेलीयत.

फक्कीवाली
विटीदांडूवर हसले, खोटं कशाला बोलू. पण सर, एकच देश जिंकतो म्हणून खेळ काढायचा तर बायकांची तिरंदाजी आधी काढा. टीम इव्हेंट १९८८ ला सुरू झाला तेव्हापासून २०२४ पर्यंत दहाच्या दहा गोल्ड दक्षिण कोरियाचे. टेबल टेनिसमध्ये बायकांचं सिंगल्स १९८८ पासून चीनने कोणाला दिलेलंच नाही. तिथे कोणी म्हणत नाही की बोअर होतंय, काढा. आणि गंमत म्हणजे २००५ ला काढायचं ठरलं आणि २००८ ला अमेरिका हरली! सलग २२ मॅच जिंकून आलेली टीम, जपानने ३-१ ने पाडली. म्हणजे चुरस आली त्याच वेळी दार बंद.

तोक्योकर_जोशी
२००८ चा विषय निघालाच आहे तर जपानच्या पिचर उएनोबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी इथे जपानमध्ये नोकरीला आहे, आमच्या ऑफिसातल्या काकूंना सचिन कोण ते माहीत नाही पण युकिको उएनो म्हटलं की चहाचा कप खाली ठेवून सांगायला लागतात. बीजिंगला तिने एकाच दिवशी अमेरिकेविरुद्ध ९ इनिंग टाकल्या, हरली, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ इनिंग टाकल्या, जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी फायनल. दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले. मग १३ वर्षांनी टोकियोत वयाच्या ३९ व्या वर्षी परत तीच.

ती फायनल मी घरी टीव्हीवर बघितली, कोविडमुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा फट्ट आवाजसुद्धा ऐकू येत होता. जपान २-० पुढे, सहावी इनिंग, अमेरिकेचे दोन रनर बेसवर. चिडेस्टरने असा काही बॉल हाणला की तिसऱ्या बेसवरच्या यामामोटोच्या हातावर आदळून वर उडाला, मला वाटलं गेलं आता, तर मागून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली फील्डर) अत्सुमीने तो हवेतच पकडला आणि लगेच सेकंडला फेकला. डबल प्ले, म्हणजे एका झटक्यात दोघी आउट, इनिंग खलास. मी सोफ्यावरून उठलो ते सासूबाईंच्या पायावर पाय दिला. मधे बाहेर गेलेली उएनो सातवीला परत आली, सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीचा खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो, आणि तिनेच मॅच संपवली.

आता थोडं कट्टेकरींच्या बाजूने. इथे हा खेळ टिकलाय तो ऑलिम्पिकमुळे नाही, कंपन्यांमुळे. टोयोटा, बिक कॅमेरा वगैरेंच्या आपल्या टीम आहेत, मुली तिथे खेळतात, पगार मिळतो. मधल्या वर्षांत ऑलिम्पिक नव्हतं तरी लीग चालूच होती.

लाल_मातीतला
मी सरळ बोलतो, राग मानू नका. २०१३ ला ब्यूनस आयर्सला २०२० साठी एकच जागा होती आणि तीन खेळ दारात उभे. कुस्तीला ४९ मतं, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४, स्क्वॉशला २२. त्या रात्री आमच्या तालमीत फटाके लावले. तुमचा खेळ आला असता तर आमचा गेला असता. टोकियोला तुम्ही आलात ते नंतर, यजमानाच्या मागणीवरून. आणि त्याच कुस्तीत टोकियोला रवी दहियाचं सिल्व्हर, बजरंगचं ब्रॉन्झ, पॅरिसला अमनचं ब्रॉन्झ. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीला मेडल आणलं त्या मातीतल्या माणसाने सॉफ्टबॉलसाठी का रडावं सांगा.

फक्कीवाली
दादा, कुस्ती राहिली याचा मलाही आनंदच आहे. पण त्याच २०१३ च्या फेब्रुवारीत कुस्ती काढायची शिफारस झाली तेव्हा तुमच्याच तालमीत काय वातावरण होतं ते आठवा. ते सात महिने तुम्हाला जसे गेले तसे आमच्या खेळातल्या पोरींनी १३ वर्षं काढली, एवढंच म्हणतेय. रडा असं कुठे म्हटलं.

लाल_मातीतला
हे मात्र खरं. तेव्हा आमचे वस्ताद दोन दिवस नीट जेवले नव्हते.

बेसबॉलच_का_नाही
सगळे एका गोष्टीला बगल देताय. मुळात बायकांना सॉफ्टबॉल आणि पुरुषांना बेसबॉल हे कोणी ठरवलं? पुरुषही सॉफ्टबॉल खेळतात, त्यांचा वर्ल्डकप होतो, अर्जेंटिना जिंकलंय, न्यूझीलंड तर कितीदा. आणि बायका बेसबॉल खेळतात, त्यांचाही वर्ल्डकप आहे, जपानच्या बायका तो एकामागून एक जिंकत आल्यात. पण ऑलिम्पिकवाले एकीकडे समानतेच्या गोष्टी करणार आणि दुसरीकडे बायकांना छोटं मैदान, मोठा बॉल, सात इनिंगची मॅच देऊन म्हणणार घ्या, झालं समान. उद्या क्रिकेटमध्ये म्हटलं की पुरुष लेदर बॉलने आणि बायका टेनिस बॉलने, चालेल?

फक्कीवाली
हे आमच्यातल्या बऱ्याच जणींना ऐकून ऐकून कंटाळा आलाय. "सॉफ्ट" नावावर जाऊ नका हो. बॉल दगडासारखा असतो, माझ्या नडगीवर अजून खूण आहे. पिचर उभी असते ४३ फुटांवर, म्हणजे १३ मीटर आणि थोडं. क्रिकेटचं पिच २०.१२ मीटर. तिथून ताशी १०० किलोमीटरच्या वर बॉल येतो, तोही कमरेखालून, हात पूर्ण चाक फिरवून, अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. टेनिस बॉल म्हणणाऱ्याने एकदा समोर उभं राहावं, हेल्मेट मी देते.

बायकांना बेसबॉलही द्या, माझी ना नाही. पण ते येईपर्यंत जे आहे ते काढू नका.

बेसबॉलच_का_नाही
अवघड नाही असं मी कुठे म्हटलं? निवड कोणाची, हा माझा प्रश्न आहे. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या कितीतरी मुलींना पुढे सॉफ्टबॉलकडे वळवतात कारण कॉलेजची स्कॉलरशिप तिथे आहे. पोरगी तिकडे आवडीने गेली की फीच्या हिशेबाने, हे तुम्हीच सांगा. टेनिस बॉलचं मागे घेते, ते जरा जास्तच झालं.

निवृत्त_पीटीसर
मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, सॉफ्टबॉलच्या टीम नेल्या, त्यामुळे घरचा आहेर देतो. आपल्याकडे या खेळात मुली येतात त्यातल्या निम्म्या खेळासाठी येतात असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. दहावी-बारावीचे खेळाचे मार्क, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण. गर्दी कमी असलेला खेळ धरा, टीम पटकन होते, सर्टिफिकेट हातात. एका पालकाने मला ग्राउंडवर येऊन विचारलं होतं, सर यात सर्टिफिकेट स्टेटचं मिळेल का, आणि मुलीला बॉल फेकायला लावू नका, तिचा क्लास आहे. ऑलिम्पिकमध्ये कायम केलं तर ही गर्दी वाढेल, खेळ वाढेलच असं नाही.

फक्कीवाली
सर, मानलं. आमच्या टीममध्येही अशा तिघी होत्या, एक तर मॅचला डबा घेऊन यायची आणि सावलीत बसायची. पण बाकीच्या अकरा जणी सकाळी साडेपाचला मुरमाच्या ग्राउंडवर फक्की मारायच्या, स्लाइड करून मांड्या सोलून घ्यायच्या, त्यांचं काय? मी डावखुरी. अख्ख्या टीममध्ये चौदा ग्लोव्ह आणि सगळे उजव्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे. मी डाव्या हाताने कॅच घ्यायची, ग्लोव्ह काढून काखेत मारायची, मग त्याच हाताने थ्रो. तोवर रनर सेकंडवर पाणी पीत असायची. दोन वर्षं मी अशी सेंटर फील्ड खेळलेय. मागितला तेव्हा उत्तर मिळालं, ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळाला एवढंच बजेट असतं. २०११ ची गोष्ट. म्हणून मला ते "कायम" लागतं सर, टीव्हीवर बघायला नव्हे.

जुना_कट्टेकरी
ग्लोव्हची गोष्ट वाचून जरा गप्प झालो. तरी शंका राहतेच. क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये नसताना बजेट होतंच ना? पैसा प्रेक्षकांमागे जातो. आणि २०२८ चं म्हणाल तर ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला आणि सॉफ्टबॉल ओक्लाहोमा सिटीला, जवळपास २००० किलोमीटर लांब! मुंबईत लग्न आणि जेवणाची पंगत कोलकात्याला. याला तुम्ही मान म्हणता?

तोक्योकर_जोशी
तो ओक्लाहोमाचा मुद्दा उलटा आहे काका. तिथलं स्टेडियम खास सॉफ्टबॉलचं आहे, अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींची फायनल स्पर्धा दरवर्षी तिथेच होते आणि १२-१३ हजार लोक तिकीट काढून बसतात. लॉस एंजेलिसला त्या तोडीचं सॉफ्टबॉल ग्राउंड नाही, नवीन बांधायचं तर खर्च. आणि १९९६ लाही मॅच अटलांटात नव्हत्याच, कोलंबस नावाच्या गावात झाल्या, दीडेकशे किलोमीटरवर. टोकियोच्या वेळी पहिल्या मॅच फुकुशिमाला होत्या, अख्ख्या ऑलिम्पिकची सुरुवातच त्याने झाली, उद्घाटनाच्याही दोन दिवस आधी. जपान ८, ऑस्ट्रेलिया १, पाच इनिंगमध्ये आटोपली कारण फरक सातचा झाला की पाचव्या इनिंगनंतर थांबवतात.

जुना_कट्टेकरी
बरं बाबा, रिकाम्या राजवाड्यापेक्षा भरलेला वाडा बरा, एवढं मान्य. पण "कायम" ला माझं मत नाहीच. तुमच्याच बोलण्यावरून दिसतंय की यजमानाला हवं म्हणून आला तेव्हाच त्याला नीट ग्राउंड आणि टीव्ही मिळाला. बळजबरीने ठेवला तर कुठल्यातरी कोपऱ्यात तात्पुरत्या पत्र्याच्या गॅलरीत खेळवतील.

फक्कीवाली
पत्र्याची गॅलरी? सर, आम्ही स्टेट फायनल कापसाच्या गाठींवर बसलेल्या पब्लिकसमोर खेळलोय. चालेल आम्हाला.

निवृत्त_पीटीसर
ताई, एक विचारायचं राहिलं. नातीला खेळायचंय, सातवीत आहे, आणि तीही डावखुरी. उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह पुण्यात कुठे मिळतो? इथे तीन दुकानं फिरलो, तिघांनीही बेसबॉल कॅप दाखवली.

फक्कीवाली
सर थांबा, माझा आहे. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून घेतला होता, चार मॅच झाल्यात फक्त. पत्ता मेसेज करा, पण आधी तिच्या तळहाताचं माप पाठवा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा पसरून.