लेआउटच्या ग्रुपवर : अभ्यासिकेचा लॅपटॉप

शुभांगीताई, सकाळी ८:१२
सर्वांना नमस्कार. काल माझ्या पोरीचा भरतीचा फॉर्म राहता राहता राहिला. अभ्यासिकेचा लॅपटॉप चालू केला, पोरीची वेणी घालून झाली, चहा झाला, तरी तो गोल फिरूनच राहिला. शेवटी वरूडले सेंटरवर पैसे देऊन फॉर्म भरला. वर्गणी कायले देतो मंग आपण?

बंडूभाऊ
ताई, बैल आहे तो. पोळ्यालेच उठते 😂

ढोले काका
मागच्या वर्गणीचा हिशोब ग्रुपवर आलेला नाही. कृपया टाकावा.

मंगलामावशी
🌹🙏 गण गण गणात बोते 🙏🌹

प्रज्वल
ताई, लॅपटॉप बेकार नाही. आतली हार्ड डिस्क बेकार आहे. टास्क मॅनेजर पाहा, काही उघडलं नसलं तरी डिस्क १०० टक्के. एसएसडी टाकली का अर्ध्या मिनिटात चालू होईल.

विलासभाऊ
फॉरमॅट मार ना.

प्रज्वल
दोनदा मारला भाऊ. महिनाभर बरा चालते, मंग जसाच्या तसा.

वानखडे सर
प्रज्वल, ग्रुपवर वडीलधारी मंडळी आहेत. एसएसडी म्हणजे काय ते नीट सांग.

प्रज्वल
सर, हार्ड डिस्क म्हणजे जुनी तबकडी समजा. मिनिटाले ५४०० फेरे मारते अन् एक पिन इकडून तिकडे सरकत फाईल शोधते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमधी. म्हणून शोधाशोधीत वेळ जात नाही.

बंडूभाऊ
पिन एका जागी अडकली का काय होते रे? काकांकडे पाहून विचारून राहिलो 😂😂

ढोले काका
चेष्टा नंतर करावी. मागच्या वर्गणीचा हिशोब कृपया टाकावा.

नंदूभाऊ (खजिनदार)
काका, हिशोब एक्सेलमधी आहे. एक्सेल लॅपटॉपमधी आहे. लॅपटॉप उघडत नाही. किती डाव सांगू?

ढोले काका
वहीत का नाही ठेवला?

नंदूभाऊ
सभेत "आता डिजिटल करा" कोण म्हणे? 🙏

विलासभाऊ
माझा पोट्टा पुण्याले आहे. तो म्हणते एनव्हीएमई एसएसडी घ्या, सेकंदाले ३५०० एमबीची स्पीड. साधी साटा एसएसडी म्हणजे ५५०. पैसे टाकायचेच तं चांगल्यात टाका.

प्रज्वल
दादाचं बरोबर आहे भाऊ, पण त्याले एम.टू स्लॉट लागते, म्हणजे ती पट्टी खोचायची वेगळी जागा. आपल्या मॉडेलमधी नाही. मी खालचं झाकण खोलून पाहिलं. २.५ इंची साटाच बसते.

विलासभाऊ
कोणाले विचारून खोललं? वॉरंटी गेली ना.

प्रज्वल
२०१७ चा लॅपटॉप आहे भाऊ 🙏

शुभांगीताई
पोरगा फुकटात काम करून राहिला अन् त्यालेच झापून राहिले.

वानखडे सर
एक शंका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हा सातव्या जनरेशनचा प्रोसेसर, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मग खर्च करावा का?

प्रज्वल
सर, नवा घेतला तं एकेका घराले हजाराच्या वर येईल. एसएसडी अमरावतीले २,६०० म्हणते दुकानदार. सध्या मेमरी महाग झाली. २६ घरं, १०० रुपये. फॉर्म अन् मॉक टेस्टपुरतं अजून दोन वर्षं निघतील. बँकेचे व्यवहार मात्र त्याच्यावर कोणी करू नका.

ढोले काका
नवीन वर्गणीआधी मागच्या वर्गणीचा हिशोब कृपया टाकावा.

प्रज्वल
अन् एक. डिस्क टक टक वाजून राहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो म्हणून डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात धोक्याची पिवळी खूण आली. आता *कोणीच* चालू करू नका. चालू-बंद, चालू-बंद केलं तं जे आहे तेही जाईल. बॅटरी केव्हाच मेली, लाईन गेली का झटक्यानं बंद पडते, त्यानंही मार बसला असंन.

बंडूभाऊ
अभ्यासिकेले इन्व्हर्टर होता ना बावा?

शुभांगीताई
होता. लग्नात कोणी नेला तेही सगळ्याइले माहीत आहे.

विलासभाऊ
आणून देतो म्हटलं ना. एका इन्व्हर्टरसाठी इज्जत काढता का?

शुभांगीताई
लग्न होऊन पोरगं रांगाले लागलं भाऊ.

ढोले काका
हिशोबात इन्व्हर्टरही दाखवावा.

नंदूभाऊ
तीन वर्षं फुकटात हमाली केली. खजिनदारी तुम्हीच घ्या काका. राम राम.

_नंदूभाऊ ग्रुपमधून बाहेर पडले_

वानखडे सर
हे योग्य झाले नाही.

मंगलामावशी
कोण गेलं? 😢 भावपूर्ण श्रद्धांजली

बंडूभाऊ
मावशी, ग्रुपमधून गेला!! घरी बसून भाजी निवडून राहिला!

— दुसऱ्या दिवशी —

प्रज्वल, संध्याकाळी ७:४०
एसएसडी बसवली. आधी जुनी डिस्क केबलनं माझ्या लॅपटॉपले लावून फाईली काढल्या, ८६ जीबी, तीन तास लागले. क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, नाही मारला. डिस्कच्या खराब झालेल्या भागावर अडकते ते. विंडोज नवीनच टाकलं. लायसन मदरबोर्डले जोडलेलं असते, आपोआप ॲक्टिव्हेट झालं. चालू व्हायले २२ सेकंद. व्हिडिओ अन् स्क्रीनचा फोटो टाकतो.

शुभांगीताई
👏👏 शाबास लेकरा

ढोले काका
डब्यावर २५६ लिहिले आहे. फोटोत २३८ दिसते. उरलेले १८ जीबी कुठे गेले?

बंडूभाऊ
लग्नात 😂

प्रज्वल
काका, कुठंच नाही गेले. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. माप वेगळं, माल तेवढाच.

ढोले काका
बरं. आता हिशोब टाकावा.

प्रज्वल
फाईल सापडली काका. पण उघडायले पासवर्ड मागते.

वानखडे सर
कोणी ठेवला आहे?

प्रज्वल
नंदूभाऊंनी.

_प्रज्वल यांनी नंदूभाऊंना ॲड केले_

_नंदूभाऊ ग्रुपमधून बाहेर पडले_

बंडूभाऊ
काका, उद्या सकाळी संत्र्याचं एक क्रेट घेऊन तुम्हीच जा त्याच्या घरी.

ढोले काका
क्रेट कोणत्या खात्यात टाकायचा?