रात्री तीनला जाग, छातीत धडधड... या वयात टेन्शन जास्त लागतं का?

सांजसकाळ:
माझं वय ६८, मिस्टर ७४. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता काठी घेऊन चालतात, बोलणं स्पष्ट आहे, पण डावा हात अजून चालत नाही त्यामुळे आंघोळ, कपडे, गोळ्या सगळं माझ्याकडे. ते सुधारतायत आणि मीच बिघडत चाललेय असं झालंय. रात्री तीनच्या सुमारास खाडकन जाग येते, छाती धडधडत असते आणि मग डोक्यात तेच चक्र सुरू, की मी आधी गेले तर यांचं कोण बघणार. सकाळी मान आखडलेली, बटणं लावताना त्यांचा हात अडकला की मी ओरडते, आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडते. नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण हे सगळं एका वेळी निभावलंय हो मी, तेव्हा असं कधी झालं नाही.
मुलं फोनवर म्हणतात, आई टेन्शन घेऊ नकोस. जशी काय मी पिशवी घेऊन ते आणायलाच जाते.
ओळखीच्या एक बाई झोपेसाठी अर्धी अर्धी अल्प्राझोलॅम घेतात, त्यांनी मला चार गोळ्या दिल्यात. अजून घेतली नाहीये. घेऊ का?

रिटायर्ड_सिस्टर:
ताई, गोळ्या आधी परत करा. नर्सिंगमध्ये आयुष्य गेलं माझं, रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलेली कितीतरी माणसं बघितली, आणि विचारलं की कळायचं हीच गोळी नाहीतर त्याच जातीची क्लोनाझेपॅम चालू आहे. उतारवयात ही औषधं शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, तोल जातो, सकाळी डोकं जड, विसरायला होतं. डॉक्टर कधी विचार करून थोड्या दिवसांसाठी देतात तो भाग वेगळा. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी रोज घेत असेल तर माझं वाचून एकदम बंद करू नका, ती हळूहळू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची असते.
दुसरं म्हणजे धडधड आहे म्हणजे टेन्शनच असणार असं धरून चालू नका. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, ईसीजी एकदा होऊ दे. थायरॉईड वाढला की हुबेहूब घाबरल्यासारखंच होतं. धडधड होईल तेव्हा मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, ठोके एकसारखे पडतायत की मध्येच चुकतायत ते बघा आणि लिहून ठेवा. छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना.
वयाचं विचारलंत, तर हो, फरक पडतो. झोप मुळात सावध होते आणि पहाटेकडे सरकते, आणि एकदा शरीर ताणलं गेलं की पूर्वपदावर यायला तरुणपणापेक्षा वेळ लागतो. पण सतत रडू येणं, कशातच मन न लागणं हे काही वयाचा भाग नाही, ते आठवडे-आठवडे चाललं तर डिप्रेशन असू शकतं आणि त्याला ६८ लाही चांगला उपचार आहे. तेही डॉक्टरांना सांगा, नुसती धडधड सांगून परत येऊ नका.
तुम्हाला स्वतःला कुठली औषधं चालू आहेत?

नाना_फिरस्ते:
सगळ्यावर एकच उपाय, चालणे!! जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीच्या पुढच्यांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगितलाय, शिवाय तोल सांभाळायचे व्यायाम तीन दिवस. मी सकाळी चालून येतो, दिवसभर कसलं टेन्शन नाही. मन कशात तरी गुंतवा आणि पॉझिटिव्ह राहा.

उंबरठा:
नाना, चालणं चांगलंच आहे पण तुम्ही बाहेर जाता तेव्हा घरी कोणी एकटं पडेल अशी धास्ती नसते ना तुम्हाला, ताईंचा प्रॉब्लेम तिथेच आहे. आईचा डिमेन्शिया मी सांभाळला, तेव्हा "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांचे फोन मी उचलणं बंद केलं होतं.
ताई, "मी आधी गेले तर" हा विचार वेडगळ नाहीये, खरा प्रश्न आहे, फक्त रात्री तीन ही त्याची वेळ नाही. दिवसा, चांगलं उजेडात, दोघं मिळून वही घेऊन बसा. कुठली गोळी किती वाजता, डॉक्टरांचा नंबर, बँकेत नॉमिनी कोण, कागद कुठल्या कपाटात, आणि उद्या तुम्हालाच ॲडमिट व्हायची वेळ आली तर पहिले चार दिवस त्यांच्याजवळ कोण राहणार. हे शेवटचं तर मुलांना स्पष्ट विचारून नाव घालूनच लिहा. मिस्टरांनाही बोलू द्या त्यात, हात चालत नसला तरी डोकं चालतंय ना. आपलं सगळं दुसरेच ठरवतात याने माणूस जास्त खचतो. आणि त्यांच्या मूडकडेही लक्ष असू द्या, अर्धांगवायूनंतर साधारण तिघांपैकी एकाला डिप्रेशन येतं, बायकोला त्रास नको म्हणून माणूस गप्प बसतो.
मुलांना "मदत करा" म्हणू नका, त्यातून काही होत नाही. "दर महिन्याची औषधं मागवणं आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट आजपासून तुझ्याकडे" असं काम हातात द्या. आठवड्यातून दोन वेळा तरी दोन-तीन तास दुसरं माणूस घरी बसेल असं बघा. त्या वेळात घरातली साचलेली कामं उरकायची नाहीत, बाहेर पडायचं. हवं तर नानांसारखं चाला :)

जुना_वाचक:
+१. होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ताण देणाऱ्या ४३ घटनांची यादी केली होती, जोडीदाराचा मृत्यू १०० गुण, निवृत्ती ४५, घरातल्या माणसाचं आजारपण ४४. पण ती यादी एकदा घडून गेलेल्या घटना मोजते. रोज सकाळी बटणं लावणं ही कुठे घटना असते, ते कोणत्याच यादीत येत नाही, म्हणून घरच्यांनाही दिसत नाही.

सांजसकाळ:
सगळ्यांचे आभार, वाचताना बरं वाटलं. गोळ्या परत केल्या. मुलाला अपॉइंटमेंटचं सांगितलं तर पलीकडून एकदम शांतता, मग म्हणाला "कुठल्या डॉक्टरांची?" चला, निदान विचारलं तरी!
सिस्टर, मला बीपीची गोळी आहे आणि दम्याचा पंप. तो लागेल तसा घ्यायचा सांगितलाय, पण हल्ली झोपताना छाती भरल्यासारखी वाटते म्हणून घेते, जाग आली की परत घेते.

रिटायर्ड_सिस्टर:
बघा, हे महत्त्वाचं निघालं. लागेल तसा घ्यायचा पंप बहुतेक साल्ब्युटामॉलचा असतो, आणि त्याने धडधड आणि हाताला थरथर होऊ शकते. पण म्हणून तो आपल्या मनाने बंद करू नका हं! रात्री वरचेवर लागतोय म्हणजे दमाच आटोक्यात नसेल, किंवा छाती भरण्याचं कारण दुसरंच असेल, आणि जागही त्यानेच येत असेल. कधी घेतला, किती पफ आणि धडधड कधी झाली हे लिहून, पंप बरोबर घेऊन याच आठवड्यात दाखवा. मुलाला तारीख लांबची घेऊ देऊ नका.
तोपर्यंत जाग आली की घड्याळ बघायचं नाही. दम नसेल आणि झोपही येत नसेल तर पलंगावर तळमळत पडू नका, दिवा लावून खुर्चीत बसा, श्वास सावकाश घ्या आणि सोडताना घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, कोंडून धरायचा नाही. डोळे मिटायला लागले की मगच आडवं व्हा. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, चहा-कॉफी दुपारनंतर बंद.
आणि सकाळच्या त्या बटणांचं. शर्ट घालताना आधी डावी बाही चढवा, म्हणजे न चालणाऱ्या हाताची, मग उजवी. काढताना उलट, आधी उजवी. हात अडकतो तो बहुतेक क्रम उलटा झाल्याने. बटणांच्या जागी वेल्क्रो शिवून घ्या म्हणजे ते एका हाताने स्वतःच लावतील, तुम्ही तेवढा वेळ तिथून बाजूला व्हा.

सांजसकाळ:
डावी बाही आधी हे कोणी सांगितलंच नव्हतं! रोज उजवीच आधी घालत होतो आम्ही. वेल्क्रोचं त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले दोन शर्टांना लावून बघ, सगळ्यांना नको.